स्लॅशवाले भानुभाऊ

भानुभाऊंबरोबर रिक्षात बसायचं असेल तर रिक्षावाल्याची आधीच माफी मागून ठेवावी. पहिल्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं. ऑफिससाठी टेबलफॅन आणायला आम्ही औरंगपुऱ्यातून शहागंजला निघालो होतो. रिक्षावाल्यानं विचारलं, "किधर जाना?" भानुभाऊ नीट सावरून बसले आणि शांतपणे म्हणाले, "शहागंज स्लॅश घड्याळ स्लॅश पंख्यांची गल्ली."

रिक्षावाल्याचा किल्लीवरचा हात तिथंच थांबला. "शहागंज समझा, घडी समझा. ये स्लॅश किधर आया? नई कॉलनी है क्या?"

त्याचंही काही चुकलं नव्हतं. त्या वर्षांत शहराला चारी बाजूंनी कॉलन्या फुटत होत्या. काल जिथं ज्वारीची धसकटं होती तिथं आज कमान उभी राहायची, कमानीवर झोकदार नाव, आणि कमानीच्या पलीकडं पुन्हा धसकटं. एखाद्या बिल्डरनं कॉलनीचं नाव स्लॅश ठेवलं असतं तरी कुणी हटकलं नसतं.

"स्लॅश म्हणजे आत," भानुभाऊंनी समजावलं. "शहागंजच्या आत घड्याळ, घड्याळाच्या आत गल्ली."

"घडी के अंदर गल्ली?" रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी बाहेर पाहिलं. शेवटी त्यानं आम्हाला घड्याळापाशी उतरवलं आणि म्हणाला, "आगे का स्लॅश पैदल देख लो साब."

भानुदास गाडेकर आमच्या ऑफिसात फ्रंट-एंडचे प्रमुख. म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ते कळायला बरेच दिवस लागले. मोबाइलवर आपण एखादी साइट उघडतो तेव्हा डोळ्यांना जे दिसतं आणि बोटाला जे लागतं ते सगळं भानुभाऊंचं. मागच्या बाजूला जी साठवण आणि जुळवाजुळव चालते ती दुसऱ्यांची. त्या दुसऱ्यांकडं भानुभाऊ शेजाऱ्याच्या गोठ्याकडं बघावं तसं बघायचे. दिसणाऱ्या पानाचे सुटे भाग असतात. बटण, तक्ता, तारखेची चौकट, असे. त्यांना ही मंडळी कंपोनंट म्हणतात. कुठल्या पत्त्यावर कुठलं पान उघडायचं आणि या पानावरून त्या पानावर कसं जायचं, याची जी व्यवस्था असते तिला म्हणतात राउटिंग. पत्त्यातली तिरपी रेघ म्हणजे स्लॅश. भानुभाऊंच्या डोक्यात सगळं जगच अशा तिरप्या रेघांनी आखलेलं होतं. डब्यात आज काय आहे असं विचारलं तरी "डबा स्लॅश खालचा कप्पा स्लॅश मेथी" असं उत्तर यायचं.

मी या धंद्यात वाट चुकून आलेला माणूस. आधी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, मथळे द्यायचो. ती आवृत्ती बंद पडल्यावर साळुंके सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला बोलावलं आणि सांगितलं की त्यांच्या अ‍ॅपवरचं मराठी सरकारी पत्रासारखं वाटतं, ते माणसात आणायचं आहे. तेव्हापासून मी बातम्यांऐवजी बटणांना मथळे देतो. ऑफिस औरंगपुऱ्यात, भांड्यांच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर. खाली कुणी हंडा घ्यायला आलं की तो वाजवून बघतं, आणि वर आमच्या मीटिंगमध्ये घंटानाद होतो.

अ‍ॅप होतं टँकरचं. पाऊस सलग दगा देत होता. शहरात नळ आठवड्यानं यायचा, नव्या कॉलन्यांत तर पाइपच पोचला नव्हता. लोकांनी फ्लॅट घेतले, रंग निवडले, देवघरं बसवली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पाणी विचारायचं राहिलं. अशा लोकांनी घरबसल्या टँकर मागवावा, आपला टँकर कुठवर आलाय ते बघावं, म्हणून साळुंके सरांनी हे काढलं. दुष्काळावर चालणारा आमचा धंदा. आभाळ भरून आलं की सर खिडकीशी जाऊन काळजीनं बघायचे, मग आपण काय विचार करतोय हे त्यांच्याच लक्षात यायचं आणि ते ओशाळून खुर्चीत येऊन बसायचे.

अशा ऑफिसात भानुभाऊ कायदा होते. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यातलं एकही मी कधी कागदावर टेकलेलं पाहिलं नाही. मूळ गाव दौलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीतली वस्ती. घर धनगराचं. वडिलांपर्यंत मेंढरं होती. कोडविषयी बोलताना हे मधूनच डोकवायचं. एका पानासाठी बनवलेला भाग दुसऱ्या पानानं परस्पर वापरला की ते कडाडायचे, "ह्यो दुसऱ्याच्या कळपात काय करतोय? खूण बघितली का त्याची?"

दोन पानांना एकच भाग लागत असेल तर तो सामायिक ठिकाणी ठेवायचा, असा नियम. जगभर असल्या फोल्डरला काहीतरी इंग्रजी नाव असतं. आमच्याकडं त्याचं नाव होतं विहीर. भानुभाऊंनी ठेवलेलं. विहिरीत कोणती गोष्ट टाकायची याचे नियम एखाद्या गावच्या पंचांनी बसून केल्यासारखे होते. किमान दोन घरांनी तिथून पाणी भरलं पाहिजे. एकट्याच्या कामाची वस्तू विहिरीत टाकायची नाही. आणि विहिरीतल्या वस्तूनं वर कोण आलंय हे विचारायचं नाही, येईल त्याला सारखंच पाणी द्यायचं. पुण्याच्या एका पार्टीचा इंजिनियर एकदा फोनवर वैतागून विचारत होता की या प्रत्येक फाइलच्या वर 'विहीर' असं का लिहिलंय. भानुभाऊ म्हणाले, "तुमच्याकडं धरण आहे, म्हणून तुम्हाला इचारावं लागतंय."

आमच्या टीममध्ये सायमा नावाची मुलगी होती, हुशार आणि चटपटीत. तिनं सुरुवातीच्या दिवसांत एक तारखेची चौकट घाईनं विहिरीत टाकली. वापरणारं घर एकच. भानुभाऊंनी ती बाहेर काढली, तिच्या मूळ पानाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवली, आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. सायमा मला हळूच म्हणाली, "सर, इतना तो मेरे अब्बा भी नाराज नहीं होते." पुढं तीच त्यांची सगळ्यात कडवी शिष्या झाली. नियम मोडणाऱ्यावर ती भानुभाऊंच्या आधी धावून जायची.

माझं आणि भानुभाऊंचं पहिलं भांडण बटणावरून झालं. मी मुख्य बटणावर लिहिलं होतं, 'पाणी मिळवा'. दोन शब्द, ठसठशीत, तहानलेल्या माणसाला बरं वाटेल असे. भानुभाऊंनी ते बराच वेळ पाहिलं.

"हे दाबलं की पाणी मिळतं का?"

"मिळतं की. टँकर येतो."

"टँकर कवा येतो ते ड्रायव्हरला नि भरणा केंद्राला ठाऊक. दाबलं की मागणी नोंदती फक्त. मग 'मागणी नोंदवा' लिहा."

"अहो, पण त्यात जीव नाही."

"जीव कशाला पायजे? बटनावर जे लिवलंय तेच झालं पायजे. नायतर ते बटन खोटं."

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला की मथळ्यानं वाचकाला थोडं पुढं ओढायचं असतं. वर्तमानपत्रात मथळा आणि बातमी यांची एकमेकांशी तोंडओळख असली तरी चालतं. भानुभाऊंनी ऐकून घेतलं आणि 'मागणी नोंदवा' करून टाकलं. मी दोन दिवस तोंड पाडून बसलो. त्यानंतर माझ्या प्रत्येक बटणाला ही परीक्षा द्यावी लागली, आणि पास होणारी फार थोडी निघाली.

त्यांचा दुसरा कायदा वाटेचा. कुणी नवं पान करून दाखवलं की ते रंग बघायचे नाहीत, अक्षरं बघायचे नाहीत. पहिला प्रश्न, "वाट दाखव." पहिल्या पानापासून, म्हणजे अ‍ॅपच्या दारापासून, या पानापर्यंत कसं यायचं ते बोटानं चालून दाखवायचं. ते झालं की दुसरा प्रश्न, "परत यायची कुठंय?" परतीची वाट नसलेलं पान त्यांनी कधी पास केलं नाही. आणि ज्या पानाला दारापासून वाटच नाही ते पान पाडायचं. तिथं दया नाही. "जिथं कुणी जाऊ शकत नाय ती खोली ठिवून काय करायची? साप होतेत," असं ते म्हणायचे.

चुकीच्या पत्त्यावर आलेल्या माणसाला जे पान दिसतं, त्यासाठी मी लिहिलं होतं, 'आपण शोधत असलेले पृष्ठ उपलब्ध नाही.' भानुभाऊ म्हणाले, "हे कुणाला सांगताय, कलेक्टरला? बिचारा आधीच चुकलाय, त्याला अजून कशाला दटावता?" शेवटी ठरलं, 'हे पान इथं नाही. खालचं बटण दाबा, दारात परत जाल.' आणि ते बटण बाकी सगळ्या पानांवर असतं तिथंच हवं, त्याच हिरव्या रंगाचं, उजव्या अंगठ्याखाली. बटणाची जागा हा तर त्यांचा जीव की प्राण. सरांनी दोनदा डिझायनर आणून अ‍ॅप नटवलं. रंग बदलले, चित्रं बदलली, हिरवं बटण जागचं हललं नाही. "वाचता येत नाय त्यानं काय करायचं? त्याचं बोट जागा पाठ करतंय," असं ते म्हणायचे. मला वाटायचं, हे आपलं बोलायला. टँकर मागवणारे आमचे लोक तर चांगले शिकलेसवरलेले, फ्लॅटवाले.

ही सवय ऑफिसपुरती राहिली असती तर बरं. आमच्या अकाउंटंटच्या मुलीच्या लग्नात हॉलमध्ये शिरल्या शिरल्या ते नवरानवरीकडं न जाता भिंतींच्या कडेनं एक चक्कर मारून आले. मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, "आत यायला तीन दारं, बाहेर जायला एकच, ते बी आचाऱ्याच्या कढईपासून. हे पास कुणी केलं?" मी म्हटलं, अक्षता टाकू आणि जेवू. ते जेवले, पण कढईकडं एक डोळा ठेवून.

मुकुंदवाडीत एका खोलीत ते एकटेच राहायचे. लग्नाचा विषय निघाला की "बघू" म्हणायचे आणि स्क्रीनकडं वळायचे. कुणाच्या घरी जाणं नाही, कुणाला बोलावणं नाही. फोनवर गप्पा मारताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. फोनशी त्यांचा संबंध दिवसातून एकदाच यायचा आणि तो असा.

सकाळी ऑफिस उघडलं की ते फोन टेबलावर उताणा ठेवायचे. समोर चहा यायचा. ते चहाला हात लावायचे नाहीत, कीबोर्डला लावायचे नाहीत. नुसते बसायचे. मग फोन टिंग वाजायचा. ते बघायचे, "हां" म्हणायचे, फोन पालथा घालायचे आणि निवलेला चहा एका दमात पिऊन टाकायचे. तिथून पुढं त्यांचा दिवस सुरू. मी एकदा विचारलं की हे काय आहे. "सिस्टीम चेक," ते म्हणाले. जुन्या एका पानावरून टँकरची मागणी बरोबर येते का ते बघायचं असतं म्हणे. एका वर्षी चांगला पाऊस झाला, टँकर उभे राहिले, सर काळजीनं वाळले. तेव्हाही टिंग थांबली नाही. भर श्रावणात कोण टँकर मागवतंय, असा विचार माझ्या मनात आला होता. पण मी उपसंपादक होतो, बातमीदार नव्हतो. पाठपुरावा करायची मला सवय नाही.

मग परत दोन कोरडी वर्षं आली आणि सरांकडं पुण्याची एक मोठी पार्टी आली. त्यांना आमचं अ‍ॅप विकत हवं होतं, पण आधी सगळा कोड साफ करून पाहिजे होता. सरांनी घाई लावली. भानुभाऊ त्या वेळी जालन्याला एका ग्राहकाच्या माणसांना शिकवायला गेले होते, म्हणून सफाईचं काम सायमाकडं आलं. तिनं ते नियमाला धरून केलं. दारापासून निघाली, प्रत्येक पानावर जाऊन आली, आणि जिथं जाता येत नव्हतं ती पानं पाडली. सरांनी पास केलं. रात्रीतून नवं अ‍ॅप चढलं.

दुसऱ्या दिवशी पार्टी येणार होती. भानुभाऊ सकाळीच हजर झाले. फोन उताणा ठेवला. चहा आला. ते बसले.

टिंग वाजली नाही.

चहावर साय धरली. खाली कुणीतरी घागर वाजवली तसे ते दचकले आणि त्यांनी फोन उचलून बघितला. मग एक नंबर लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. 

सर आतून ओरडले, "भानुदास, पार्टी निघाली हॉटेलातून!"

भानुभाऊ उभे राहिले. लॅपटॉप पिशवीत घातला. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "गाडी हाये ना तुमची? चला."

"कुठं?"

"गावाकडं." एवढंच. एक स्लॅश नाही, काही नाही. सर दारात आडवे आले. भानुभाऊ त्यांना म्हणाले, "सायमाला सगळं येतंय, ती दाखवील." आणि त्यांच्या बाजूनं निघून जिना उतरले. मागं सायमा गोंधळून उभी होती.

पडेगाव गेलं, मिटमिटा गेलं. दोन्ही बाजूंना कमानी, कमानींच्या आत अर्धवट इमारती, त्यांच्यापुढं आमच्याच अ‍ॅपवरून मागवलेले टँकर. भानुभाऊ मागं बसून तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत होते. एरवी त्यांनी प्रत्येक गतिरोधकावर रस्ता बांधणाऱ्याचा उद्धार केला असता. दौलताबादचा किल्ला मागं पडल्यावर ते फक्त "सरळ" म्हणाले, मग "डावीकडं", आणि पुढं रस्ता संपला तिथं मी थांबायच्या आत गाडीवरून उतरून चालायला लागले. चालायला म्हणजे पळायला.

वस्ती म्हणजे विखुरलेली सात-आठ घरं, बाभळी आणि एक निळी प्लॅस्टिकची टाकी. शेवटच्या घरापुढं एक म्हातारी शेळीचा पाय मांडीत धरून खुरात रुतलेला काटा काढत होती. भानुभाऊ तिच्यापासून दहा पावलांवर थांबले. त्यांच्या छातीचा भाता चालला होता.

म्हातारीनं मान वर केली. "काय रं भान्या? नोकरी गेली का?"

"नाय माय," ते म्हणाले. श्वास घेतला. "टँकरचं पान बिघडलंय. दुरुस्त कराय आलो."

"त्याला एवढं पळत यायचं?"

अंगणातल्या खांबाला खिळा होता आणि खिळ्याला कापडी पिशवी. घराजवळ रेंज फक्त त्या खांबापाशी यायची, म्हणून फोन तिथं टांगलेला. म्हातारी शेळ्या घेऊन पलीकडं गेली होती, रिंग कुणी ऐकली नव्हती. भानुभाऊंनी फोन काढला आणि त्यावरचं एकुलतं एक चित्र दाबलं. मी खांद्यावरून पाहिलं. 'हे पान इथं नाही. खालचं बटण दाबा, दारात परत जाल.' माझीच अक्षरं.

"आज निराळंच आलं कायतरी," म्हातारी म्हणाली. "लिवलेलं व्हतं. पन बटन जागीच व्हतं, म्हनून दाबलं म्या."

भानुभाऊंनी फोन पिशवीत परत ठेवला. मग लॅपटॉप घेऊन मागच्या टेकाडावर चढले. खांबापाशी फोनपुरती रेंज, लॅपटॉपला ती पुरत नव्हती.

म्हातारीनं मला आत घेतलं, पोतं झटकून बसायला दिलं आणि शेळीच्या दुधाचा चहा ठेवला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मावशी, पान नीट झालं की टँकर येईल बरं का."

ती चुलीत फुंकर मारायची थांबली आणि हसायला लागली. "भाऊ, तुमी बी त्याच्यातलंच का? टँकर ग्रामसेवक सांगतो तवा येतो. म्या पयल्याच उन्हाळ्यात त्या डायवरला इचारलं. तो म्हनला, कसलं बटन मावशी? आमाला कुनी बटनाचं बोललं नाय."

"मग तुम्ही रोज दाबता कशाला?"

"भान्याला कळाय नको, माय उठली म्हनून?" तिनं कपाला पदर लावून तो माझ्यापुढं सरकवला. "फोनवर आमचं जमत नाय. तो म्हनतो, चल शहरात. म्या म्हनते, तिकडं नळाला आठवडा-आठवडा पानी नाय, मग हितला टँकर काय वाईट? मंग तो गप, म्या गप. मेंढरं इकली तवापून असंच चाललंय. ह्याचा बाप मेंढरं घिऊन गेला की दोन-दोन म्हयने पत्ता नसायचा. हे पोरगं रोज टेकाडावर जाऊन बसायचं, येतोय का बघत. तसंच ऱ्हायलं ते. मंग एक दिस हे बटन करून आनलं. म्हनला, माय, सकाळी आवरलं की हे दाब, टँकर येतो. म्या म्हनलं, बरं."

तिनं दाराबाहेर टेकाडाकडं पाहिलं. वर तिचा चाळिशीचा मुलगा मांडीवर लॅपटॉप घेऊन वाकून बसला होता.

"तुमी नका बोलू त्याला," ती म्हणाली. "त्याला वाटतंय मला कळत नाय. वाटू द्या. मला कळतंय म्हनलं की लाजंल आन् बंद करंल."

मी चहा प्यालो. चहा गोड होता. मी सहसा असल्या गोष्टींपासून चार हात लांब राहणारा माणूस आहे. त्या दिवशी ते जमलं नाही, मला भडभडून आलं, आणि धुराचं निमित्त करून मी डोळे पुसले. म्हातारीनं चूल विझलेली आहे हे मला सांगितलं नाही.

भानुभाऊ टेकाडावरून उतरले आणि फोन तिच्या हातात देऊन म्हणाले, "दाब बरं." तिनं अंगठा टेकवला. त्यांच्या खिशात टिंग वाजली. "हां," ते म्हणाले. "आता येतो टँकर." "येऊ दे," ती म्हणाली, आणि शेळीकडं वळली.

पार्टीपुढं सायमानं सगळं उत्तम दाखवलं होतं. सर त्यामुळं भानुभाऊंवर फक्त अर्धा दिवस रागावले. सायमा मात्र रडवेली झाली होती. "भाऊ, मैंने तो नियम के हिसाब से निकाला," ती म्हणाली. "तुमीच तो बोले थे, वाट नसलेलं पान पाडायचं." भानुभाऊ म्हणाले, "तू बरोबर केलं. चूक माझी. ते पान बिनवाटेचं ठिवलं मी." ते कुणाचं पान होतं ते त्यांनी तिला सांगितलं नाही.

मग त्यांनी स्वतःचाच नियम पाळला. पहिल्या पानाच्या अगदी तळाशी, जिथवर कुणी खाली येत नाही, तिथं त्या पानाला वाट काढली. वाट म्हणजे शब्द हवेत, ज्यांच्यावर बोट टेकायचं. ते माझ्या टेबलापाशी आले आणि पेनाशी चाळा करत उभे राहिले.

"एक नाव द्या," ते म्हणाले. "त्या जुन्या पानाला."

"काय लिहू?"

"टँकरचं पान हाये. टँकरचंच लिवा की," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

'पाणी मिळवा'चा सूड घ्यायला याहून चांगला दिवस मला मिळाला नसता. बटणावर जे लिहिलंय तेच झालं पाहिजे, हे याच माणसानं मला इतकी वर्षं ऐकवलं होतं. त्या बटणानं आजवर एक हंडाभर पाणी आणलं नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं, त्यांच्या आईला ठाऊक होतं, आणि आता मलाही. मी कीबोर्ड ओढला आणि 'टँकर मागवा' असं लिहून दिलं. वर्तमानपत्रातली वर्षं धरूनसुद्धा इतका धडधडीत खोटा मथळा मी दुसरा दिलेला नाही. भानुभाऊंनी एक अक्षर न बदलता तो लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन उताणा ठेवला. चहा आला. मी माझ्या टेबलावर काम करत असल्यासारखा बसलो होतो. सायमाही स्क्रीनकडं बघत होती, पण तिची बोटं चालत नव्हती. खाली कुणी भांडं वाजवत नव्हतं.

टिंग.

"हां," भानुभाऊ म्हणाले.

"आला का टँकर?" मी विचारलं.

"आला," ते म्हणाले, फोन पालथा घातला आणि चहा गरम असतानाच प्यायले.